वर्गातली दुसरी वही

मराठीत विद्वान माणसाला आपण ‘बहुश्रुत’ म्हणतो. ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा, वेदांचे नाव श्रुती, आणि पोरगे उलटून वागू लागले की आईची तक्रार एकच, ‘हा माझे ऐकत नाही!’ विद्या कानावाटे आत येते, हे आपण इतके धरून चाललो आहोत की ज्याचा कान बंद त्याला विद्येचे दारही बंद, असे कोणी न सांगताच ठरून गेले.

शाळेपुरते हे दार गेल्या दीडशे वर्षांत थोडेफार उघडले. मुंबईत माझगावला बिशप म्यूरिन यांनी कर्णबधिर मुलांची शाळा काढली ती १८८० नंतरच्या दशकात. पुढे महाराष्ट्रात अशा शाळा ठिकठिकाणी निघाल्या. आमच्या शेजारी रत्नागिरीतही आहे. या शाळांत वर्ग लहान असतो, शिक्षक तेवढ्यासाठीच तयार झालेले असतात आणि मुले गोलात, बाईंच्या तोंडासमोर बसतात. तिथे काय कमी पडते हा वेगळा विषय आहे. पण दहावी झाली, बारावी झाली आणि मूल महाविद्यालयात आले की हा गोल मोडतो. आता साठ-सत्तर मुलांचा वर्ग, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल असा आवाज काढणारे सर, आणि मधेच फळ्याकडे वळलेली त्यांची पाठ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत निदान पाच टक्के जागा दिव्यांगांसाठी राखलेल्या आहेत. जागा म्हणजे बाक. बाकावर बसल्यानंतर काय, याबद्दल हा लेख आहे.

मालवणपासून सावंतवाडीपर्यंत आमच्या सिंधुदुर्गात शिक्षणाचे वेड जुने आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे पहिला येतो आणि निकालाच्या दिवशी त्याची बातमी पहिल्या पानावर असते. याच जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत अधूनमधून एखादा कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी प्रवेश घेते. एखादाच, म्हणून त्याची वेगळी सोय होत नाही; आणि सोय होत नाही म्हणून पुढच्या वर्षी दुसरा येत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या माणसांची संख्या पन्नास लाखांच्या वर नोंदली गेली. ही माणसे काही मोठ्या शहरांतच जन्माला येत नाहीत.

वर्गात बसलेला कर्णबधिर विद्यार्थी काय करतो, ते आधी नीट पाहू. ज्याला खुणांची भाषा येते आणि ज्याच्या नशिबाने वर्गात दुभाषा आहे, तो दुभाष्याच्या हातांकडे पाहतो. असे प्रशिक्षित दुभाषे साऱ्या देशात मिळून काही शेकड्यांतच आहेत, तेव्हा मालवणात हा प्रश्न उद्भवत नाही. उरले ओठ. ओठ वाचणे ही गोष्ट सिनेमात दिसते तितकी सोपी नाही. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘पात’, ‘भात’, ‘मात’ असे म्हणा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. क, ख, ग, घ तर घशाजवळच उमटतात. बाहेर काही दिसतच नाही. वाणिज्य शाखेचे सर ‘भागधारक’ म्हणाले, तर समोरच्याला ‘मागधारक’ आणि ‘पाकधारक’ही तितकेच दिसते. यातून अर्थ लावायचा तो आधीच्या-पुढच्या वाक्यांवरून, म्हणजे तर्काने. तास संपेपर्यंत हा तर्क अखंड चालवायचा. सर मिशीवाले असले, खिडकीकडे पाठ करून उभे असले, तर तोही संपला. आमच्याकडे जून-जुलैत दिवसा दिवे लावावे लागतात, आणि नेमके तेव्हाच ते जातात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या मुलखात पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात ऐकू येणाऱ्या मुलांनाही सरांचे बोलणे ओठांवरूनच ओळखावे लागते, असे आम्ही चेष्टेने म्हणत असू. कानातल्या यंत्राचा तिथे काही उपयोग नाही. ते सरांबरोबर पावसालाही मोठे करते.

आता खरी अडचण. हे सगळे जमले असे धरून चालू. मुलगी हुशार आहे, सर समोर तोंड करून सावकाश बोलतात, उजेड भरपूर आहे. सरांनी एक व्याख्या सांगितली. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या माना खाली गेल्या आणि पेने चालू लागली. कान मात्र वरच राहिले. तिने मान खाली घातली की तिचे ऐकणे बंद. एक ओळ लिहून वर पाहीपर्यंत सर तीन वाक्ये पुढे गेलेले असतात. ऐकणाऱ्या माणसाला कान आणि डोळे अशी दोन दारे आहेत. एकातून आत घ्यावे, दुसरे हातावर ठेवावे. हिला एकच दार. तिने पाहावे की लिहावे?

हेलन केलरने आपल्या आत्मचरित्रात हेच दुसऱ्या अंगाने सांगितले आहे. ती रॅडक्लिफ कॉलेजात १९०० साली दाखल झाली आणि १९०४ साली पदवीधर झाली. तिला दिसतही नव्हते आणि ऐकूही येत नव्हते. तिच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन शेजारी बसून प्राध्यापकांचे बोलणे बोटांनी तिच्या तळहातावर लिहीत. त्यामुळे व्याख्यान चालू असताना तिला टिपणे घेता येत नसत, कारण तिचे हात ऐकण्यात गुंतलेले असत. घरी आल्यावर जेवढे आठवेल तेवढे ती उतरवून काढी. एकशेवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. हाताच्या जागी डोळा घाला, की ती आजच्या कोणत्याही महाविद्यालयातल्या कर्णबधिर मुलीची होते.

मग ही मुले पास होतात ती कशी? मैत्रिणीच्या वहीवर. तास संपला की शेजारणीची वही घ्यायची, झेरॉक्स काढायची किंवा रात्री उतरवून घ्यायची. हा आपल्याकडचा सार्वत्रिक उपाय, आणि त्यामागच्या चांगुलपणाला माझा नमस्कारच आहे. या वह्यांनी किती घरे उभी केली असतील! तरी एक जुना हिशेबनीस या नात्याने मला या व्यवहारातल्या दोन खोटी सांगितल्या पाहिजेत.

पहिली खोट वहीतच असते. ऐकू येणारी मुलगी वही लिहिते ती स्वतःसाठी. ती लिहिते, ‘मागणी नियम – अपवाद ३ – सरांचे उदा. मासळी.’ तिला तेवढे पुरते. संध्याकाळी वही उघडली की मासळीच्या उदाहरणाची सगळी हकिकत तिला आठवते: पापलेटचा भाव वाढल्यावर घाऊक गिऱ्हाईक काय करते, श्रावणात काय होते. तिची वही ही किल्ली आहे; कुलूप तिच्या डोक्यात आहे. जिने ते ऐकलेच नाही तिच्या हातात ही नुसती किल्ली देऊन काय उपयोग? त्यातून जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाला मराठी तरी कुठे कानावरून मिळालेली असते? आपण ने, ला, चा, ची हे प्रत्यय न शिकताच शिकलो. बोलण्यात ते इतके हलके येतात की ओठांवर दिसत नाहीत. त्याने ते एकेक करून पुस्तकातून वेचलेले असतात. तुटक शब्दांची, संक्षेपांची, बाणांची वही त्याच्यापुढे ठेवणे म्हणजे पाट मांडून ताट न वाढणे. गंमत अशी की कर्णबधिर मुलांना शाळेत दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट मिळते. सूट योग्यच आहे. पण एका भाषेवर दहावी झालेला हाच मुलगा पुढे वाणिज्य किंवा विज्ञान घेतो, तेव्हा पुस्तके इंग्रजी निघतात, सर अर्धे इंग्रजी आणि अर्धे मराठी बोलतात, आणि मैत्रिणीची वही कुठल्याच भाषेत नसते.

दुसरी खोट व्यवहारातली आहे. मैत्रिणीची वही हे हातउसने आहे. हातउसन्याला मुदत नसते, कागद नसतो आणि हक्कही नसतो. मैत्रीण आजारी पडली, तिचे लग्न ठरले, किंवा नुसते भांडण झाले, की वही बंद. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वही तिलाच हवी असते. शिवाय अक्षर लागत नाही, एक पान सुटले आहे, हे बोलून दाखवायचे कसे? उपकाराबद्दल तक्रार करता येत नाही.

नोकरीत असताना आमच्या एका शाखेत एक कर्णबधिर कारकून होता. सरकारी क्षेत्रातल्या राखीव जागांमुळे त्या काळात अशी काही मुले बँकांत आली. खतावणीचा मेळ बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. इतरांचे पाच-दहा पैशांचे फरक तो चहाच्या वेळात शोधून देई. आमचे बोलणे चिठ्ठ्यांवर चाले. एकदा मी त्याला लिहून विचारले, बी.कॉम. कसे केलेस? त्याने उत्तर दिले, ‘तीन मित्र. तीन झेरॉक्स. एक मित्र दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून गेला, तेव्हा एक विषय गेला.’ पुढे त्याने ज्याला बढतीची परीक्षा म्हणतात ती दिली नाही. कारण विचारले नाही, पण मला ते शाखेच्या बैठकीत दिसत असे. दीड तास चर्चा व्हायची. तो या तोंडाकडून त्या तोंडाकडे पाहत राही. बैठक संपल्यावर कोणी तरी त्याच्या पाठीवर थाप मारून कागदावर दोन ओळी लिहून देई: ‘विशेष काही नाही. ठेवी वाढवायच्या आहेत.’ दीड तासाचे व्याज एवढेच.

बोलणारा बोलत असताना दुसऱ्याने ते नीट उतरवून घेणे, ही काही परदेशातून आणायची युक्ती नाही. आपले सारस्वत तिच्यावरच उभे आहे. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला गीतेवर टीका सांगितली, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ती पुरी झाली; आणि ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. ग्रंथाच्या अखेरीस या लेखकाचे नाव आदराने आले आहे. तुकोबांच्या अभंगांचे लेखन संताजी जगनाडे यांनी केले. समर्थ सांगत आणि कल्याण लिहीत, हे तर मुलांनाही ठाऊक असते. त्याआधीचे म्हाइंभट पाहा. चक्रधरस्वामींच्या आठवणी त्यांनी माणसामाणसाला भेटून गोळा केल्या, पारखून घेतल्या आणि त्यातून लीळाचरित्र झाले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो, तो म्हणजे फार काळजीने घेतलेल्या नोट्सच आहेत! लिहून घेणारा हा हरकाम्या नव्हे, याची जाण या भाषेला सातशे वर्षांपासून आहे. आजही विधानमंडळात सभासद जे बोलतात त्याचा शब्दन् शब्द उतरवायला पगारी प्रतिवेदक बसलेले असतात. (सगळेच शब्द उतरवण्याच्या लायकीचे असतात असे नाही, पण ते असो.)

मग महाविद्यालयातल्या वर्गात असा माणूस का नसावा?

कायदा काय म्हणतो ते पाहू गेल्यास एक मजेदार विसंगती हाती लागते. २०१६ च्या अधिनियमात परीक्षेसाठी जादा वेळ आणि लेखनिक यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१८ साली केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान वीस मिनिटे जादा द्यावीत, असे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्याला लिहिण्यात खरी अडचण आहे त्याला टक्केवारीच्या प्रमाणपत्रावर बोट ठेवून लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. हे सगळे उत्तमच. पण ही रचना झाली आहे ती मुख्यतः ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात चालत नाही, त्याला डोळ्यांसमोर ठेवून. कर्णबधिर मुलाला परीक्षेत लेखनिकाची गरज बहुधा नसतेच. प्रश्नपत्रिका छापील असते, शांतता त्याच्या सवयीची असते, हात धडधाकट असतो. त्याला लेखनिक हवा असतो तो वर्गात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाप्रमाणे वर्षाला १८० दिवस अध्यापनाचे. दिवसाला चार तास धरले तर ७२० तास झाले. परीक्षेचे तास वर्षाला तीस-पस्तीस. या पस्तीस तासांसाठी परिपत्रके आहेत, अर्ज आहेत, शिक्के आहेत. त्या सातशे वीस तासांसाठी मैत्रीण आहे.

कायद्यात याला जागाच नाही असेही नाही. त्याच अधिनियमात प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देण्याचे तत्त्व आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या करारावर हा अधिनियम बेतला, त्याला भारताने २००७ साली मान्यता दिली आणि त्याच्या चोविसाव्या कलमात उच्च शिक्षणाचे नाव घेऊन ही सोय सांगितली आहे. ज्याला मागायचे आहे त्याला आधार आहे. मात्र हा आधार सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन, ज्यांचे बोलणे तिला समजत नाही अशा माणसांसमोर, एकटीने मांडावा अशी अपेक्षा करणे म्हणजे कठीणच.

ज्यांनी हे काम नोकरी म्हणून उभे केले त्यांची माहिती घेण्यासारखी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनला कर्णबधिरांचे स्वतंत्र महाविद्यालय १८६४ पासून आहे. तिथे शिकवणेच खुणांच्या भाषेत, त्यामुळे आपला प्रश्न तिथे वेगळा. पण १९६५ साली तिथल्या सरकारने कायदा करून कर्णबधिरांसाठी एक राष्ट्रीय तंत्रसंस्था काढायचे ठरवले आणि १९६८ पासून न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर या गावी, एका चालत्या तंत्रविद्यापीठाच्या आवारातच ती सुरू झाली. ऐकणारी आणि न ऐकणारी मुले एकाच वर्गात आली, आणि दुभाषे असूनही वही कोरीच राहते हे लगेच ध्यानात आले. दुभाष्याच्या हातांवरून नजर काढून लिहायचे कधी? तेव्हा त्यांनी वर्गातल्याच ऐकणाऱ्या मुलांमधून काही जण निवडले, त्यांना नोट्स कशा घ्यायच्या हे रीतसर शिकवले आणि त्या कामाचे पैसे दिले. लिहिता लिहिताच प्रत निघावी म्हणून कार्बन न घालता उमटणारा कागद वापरला. बँकेतल्या माणसाला हे वाचून हसू येते. आम्ही पावत्यांची पुस्तके दोन-दोन प्रतींत लिहिण्यात जन्म घालवला; वर्गातली वही दोन प्रतींत लिहिता येईल हे मात्र कोणाला सुचले नाही. ब्रिटनमध्ये दिव्यांग विद्यार्थ्याला सरकारकडून वेगळा भत्ता मिळतो आणि त्यातून नोट्स घेणारा ठेवता येतो.

पैसे द्यायचे का, यावर माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांशी माझा वाद झाला. त्यांचे म्हणणे, ‘मुले मैत्रीखातर करतात, त्यात पैसा कशाला आणता?’ मला वाटते, पैसा आणायचा तो मैत्री सुटी राहावी म्हणून. ज्या मुलाला तासाचे पैसे मिळतात त्याला ‘अक्षर सुधार’ असे सांगता येते. तो आला नाही तर दुसरा पाठवा, असे कार्यालयाला म्हणता येते. आणि मग ती दोघे कँटीनमध्ये बसली तर निव्वळ मित्र म्हणून बसतात. कोणाच्या डोक्यावर कोणाचे ओझे नसते. खर्चाचा आकडा मी मांडून दाखवला. समजा तासाला शंभर रुपये. ७२० तासांचे वर्षाला बहात्तर हजार. एका विद्यार्थ्यासाठी हे जास्त वाटते, पण ते पैसे जातात कुठे? त्याच गावातल्या, त्याच महाविद्यालयातल्या दोन गरजू मुलांच्या हातात. कर्मवीरांची ‘कमवा आणि शिका’ योजना आपल्याकडे जुनी आहे. अनेक ठिकाणी तिच्यात मुले झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तके लावतात. वर्गात बसून लक्षपूर्वक लिहिणे हे त्याहून हलके काम आहे का? राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात. त्यातले काही तास या कामी धरले तरी सुरुवात होईल. पैशाची जोड मात्र हवीच, कारण सेवा ही शेवटी सेवा करणाऱ्याच्या सोयीने होते.

प्राध्यापकांचा दुसरा आक्षेप होता: आयत्या नोट्स मिळाल्या की विद्यार्थी वर्गात येणारच नाही. परदेशात यावर साधा नियम आहे. हजर असेल त्या तासाच्याच नोट्स मिळतात. आणि आयत्या नोट्सचे म्हणाल तर गाईड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांवर जे पिढ्यान् पिढ्या पदवीधर होत आले, त्यांना हा प्रश्न आपण कधी विचारला होता?

अलीकडे मात्र पहिले उत्तर मिळते ते ‘मोबाइल आहे ना!’ हे. खोटे नाही. २०१७ पासून गुगलला मराठी बोललेले मराठीत लिहिता येते, आणि २०१९ मध्ये आलेल्या अ‍ॅपमध्ये समोरच्याचे बोलणे पडद्यावर अक्षरांत उमटत जाते. एकाला एक बोलत असताना, औषधाच्या दुकानात किंवा तिकिटाच्या खिडकीवर, हे साधन म्हणजे वरदान आहे. वर्गात मी ते मुद्दाम बसून पाहिले. सर फोनजवळ होते तोवर बरे चालले. ते फिरू लागले, मागच्या बाकावरून प्रश्न आला, पंख्याची घरघर सुरू झाली, आणि पडद्यावर जे उमटू लागले ते वाचून ऐकणाऱ्यालाही ऐकलेले विसरायला झाले. मराठी, इंग्रजी आणि मधूनच मालवणी अशा तीन भाषांत जाणारे एक वाक्य त्या बिचाऱ्या यंत्राने करायचे तरी काय? शिवाय यंत्र सगळेच लिहिते. ‘खिडकी लाव रे’ही लिहिते आणि प्रमेयही लिहिते, दोन्ही सारख्याच तोलाने. लिहून घेणारा माणूस निवडतो. साधने सुधारतील, दर वर्षी सुधारत आहेत. तरी त्यांनी उमटवलेला मजकूर तपासून, तोडून, जोडून वहीत आणायला अजून काही वर्षे माणूस लागेल, असा माझा अंदाज आहे.

कोणी म्हणेल, मुक्त विद्यापीठ आहे की. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्याची पुस्तके घरी बसून समजावीत अशीच लिहिलेली असतात. तिरुअनंतपुरमला ‘निश’ या संस्थेत कर्णबधिरांसाठी खास पदवीचे वर्ग आहेत, चेन्नईलाही आहेत; कोकण रेल्वेने दक्षिण आता लांब राहिलेली नाही. ज्याला जमेल त्याने जरूर जावे. पण घरापासून बसच्या अंतरावर महाविद्यालय असताना, शेजारची मुले तिथे जात असताना, हिनेच एक तर घरात बसावे किंवा केरळ गाठावे, हा न्याय मला पटत नाही. महाविद्यालयात माणूस काही फक्त धडे शिकायला जात नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलाने सर्वोच्च न्यायालयात खुणांच्या भाषेतून दुभाष्यामार्फत बाजू मांडली, तेव्हा देशभर बातमी झाली. सौदामिनी पेठे हे त्याच क्षेत्रातले दुसरे नाव, आणि ते मराठी कानाला घरचे वाटावे असे. न्यायालयाच्या दारात दुभाषा उभा राहिला हे चांगलेच झाले. पण तिथवर पोहोचायला आधी पाच-सहा वर्षे कोणत्या तरी वर्गात बसावे लागते.

आमच्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतली मुलगी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र घेऊन शिकते. वडील पातीवर जातात, आई मासे विकते. तिच्या कानाच्या तपासणीसाठी ही माणसे लहानपणी तिला घेऊन बांबोळीला कितीदा गेली, त्याची गणती आईलाही नाही. आई मला म्हणाली, ‘‘साहेबानु, माझ्या चेडवाक सगळा समाजता. कोणीतरी लिवन दाखवूक व्हया, बस.’’ अर्थशास्त्राच्या बाईंना हे आपोआप उमगले. त्यांनी वर्गातल्या दोन मुलींना एक दिवसाआड हे काम वाटून दिले, आणि आपला तास काय घेणार त्याचे एक पान आदल्या दिवशीच या मुलीच्या हातात ठेवायला सुरुवात केली. नवा शब्द आला की त्या तो आधी फळ्यावर लिहितात, मग वळून बोलतात. मागून कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देण्याआधी तो स्वतः पुन्हा म्हणतात. यातल्या एकाही गोष्टीला परिपत्रक लागले नाही आणि खर्च म्हणाल तर खडूचा. (त्या दोन मुलींना पैसे मिळत नाहीत. बाई आपल्या पर्समधून त्यांना परीक्षेच्या वेळी पेने आणि वह्या देतात. हे असे असू नये, हे बाईंनाही मान्य आहे.)

पहिल्या महिन्यात त्या दोघींच्या वह्या तशाच होत्या, बाण आणि संक्षेप. मग या तिघींनी बसून काही नियम ठरवले आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले. ते पान मी पाहिले आहे. पूर्ण वाक्य लिहायचे. शब्द नीट ऐकू आला नाही तर अंदाजाने भरायचा नाही, प्रश्नचिन्ह घालायचे. उदाहरण गाळायचे नाही. कोण बोलले त्याचे नाव लिहायचे. चाचणीची तारीख बदलली, तास रद्द झाला, हे चौकटीत. वही त्याच दिवशी द्यायची, दुसऱ्या दिवशी नाही. मोबाइलवर फोटो काढून पाठवला तरी चालेल, पण पान सरळ धरून.

हे सगळे त्या दोघींच्या अक्षरात आहे. खाली एक ओळ वेगळ्या अक्षरात आणि वेगळ्या शाईत आहे. ती त्या मुलीने स्वतः नंतर वाढवली. वर्ग हसला तर का हसला, ते पण लिही.